परातीएवढं कासव

पाच हजारांत दोघांचा समुद्र होत नाही म्हणे! आमचा झाला की. फेब्रुवारीत कोल्हापूरहून एसटीनं वेंगुर्ला, बायकोचं तिकीट अर्धं, घरगुती खोली. (सोलकढी प्या, तांबडा रस्सा तिथं मागू नका.)

रात्री वायंगणीच्या किनाऱ्यावर हिनं माझा दंड गच्च धरला. परातीएवढी ऑलिव्ह रिडले कासवाची मादी मागच्या पायांनी वाळू उपसत होती. मोबाइलची बॅटरी लावणार, तोच एका गावकऱ्यानं अडवलं. उजेडानं बिचकली तर अंडी न घालताच परतते. शंभरेक अंडी घालते, पिल्लं दीड-दोन महिन्यांनी. खड्डा बुजवून ती अंगानंच वाळू थापटू लागली, धप धप.

"भाकरी थापतीया बघा," ही कुजबुजली.