मदत हवी आहे: लुआ (प्रोग्रामिंगची भाषा) शिकत राहू का सोडू?

भाऊहो, वरुडकडे संत्र्याची बाग हाये आमची, लाइन रात्री येते म्हणून मोटर मोबाइलवरून चालू कराले ईएसपी८२६६ (वायफायवाली छोटी चिप) चा बोर्ड घेतला, त्यात नोडएमसीयू (चिप चालवनारं सॉफ्टवेअर) टाकलं तर प्रोग्राम लुआत लिहा लागते. भाषा मस्त हाये, १९९३ ची ब्राझीलची, एवढुशा चिपमंधी बी बसते, पन अ‍ॅरे (म्हंजे यादी) १ पासून मोजते, बाकी बऱ्याच भाषा ० पासून, तिथंच माह्या दोन रात्री गेल्या. मित्र म्हणते सोड हे, मायक्रोपायथन (अशा चिपसाठीची छोटी पायथन भाषा) घे, लुआवर नोकरी कोन देते बावा! गेममंधी चालते म्हना, रोब्लॉक्स या गेम प्लॅटफॉर्मची लुआउ भाषा तिच्यातूनच निघाली. पन अमरावती-नागपुरात कोनाले यावर काम भेटलं का? आन् वायफाय गेल्यावर मोटर आपोआप बंद व्हाचा कोड असन तर टाका, मांगच्या वेळी सकाळलोक पानी चालूच होतं, बाबा लय बोलले.