टाऊन मीटिंगला जावं का?

नवा_बॉस्टनकर: मॅसॅच्युसेट्समधल्या एका छोट्या गावात राहायला आलोय, टाऊन मीटिंगची विषयपत्रिका घरी आलीये. आपल्या ग्रामसभेसारखंच का हे? एच-१बी (नोकरीचा व्हिसा) वाल्याला जाता येतं का?

कोकणी_फणस: जा की! मत देता येणार नाही, त्याला सिटिझन आणि रजिस्टर्ड व्होटर लागतो, पण बसून बघता येतं. १६३० च्या दशकापासून चाललंय हे आणि नुसती चर्चा नाही हां, शाळेचं बजेट, फायर ट्रक, झोनिंग (कुठे काय बांधायचं ते) सगळं लोकच तिथल्या तिथे पास करतात नाहीतर पाडतात. सभा चालवणारा मॉडरेटर मात्र कडक, मध्येच बोललात की गप्प करतो.

जुना_जाणकार: सगळीकडे अख्खं गाव नसतं. मॅसॅच्युसेट्समधल्याच ब्रूकलाइनमध्ये १९१५ पासून निवडून दिलेले प्रतिनिधी बसतात. ६००० च्या आतल्या लोकवस्तीच्या गावांत मात्र ओपन मीटिंगच, म्हणजे सगळ्या मतदारांची. शेजारच्या व्हरमाँट राज्यात सभेसाठी मार्चचा पहिला मंगळवार ठरलेला.

तिरकी_रेघ: कौतुक ठीक, पण येतं कोण? रात्री तीन तास बसायला लहान मुलंवाल्यांना कुठे जमतंय, मग रिटायर्ड मंडळीच ठरवतात. आपल्याकडे महाराष्ट्रात ग्रामसभेला १५ टक्के किंवा १०० मतदार, जे कमी असेल तेवढा कोरम (किमान हजेरी), तरी सभा तहकूब होतातच ना.