आउटलुकचे जुने मेल नव्या संगणकावर येत नाहीत, तातडीने मदत हवी

घाईगडबड
जुन्या संगणकावरचे सगळे मेल नव्यावर न्यायचे आहेत. आउटलुकचा अख्खा फोल्डर पेनड्राइव्हवर कॉपी केला. नव्यावर थंडरबर्ड हा मेलचा प्रोग्राम टाकला, इम्पोर्टमध्ये जाऊन आउटलुक निवडले. काहीही येत नाही. पेनड्राइव्हवरचा फोल्डर दाखवायलाही कुठे जागा नाही. शोधून झाले, सगळीकडे तेच तेच लिहिले आहे. बॅकअप का ठेवला नाही वगैरे नको, नेमके काय करायचे तेवढे सांगा. जुना संगणक लवकरच काढून टाकायचा आहे.

खटपट्या
कोणते आउटलुक? जुन्यावर कोणते विंडोज? कॉपी केलेला फोल्डर साधारण केवढा आहे आणि आत कोणत्या एक्स्टेन्शनच्या फायली दिसतात? खाते पॉप (मेल संगणकावर उतरवणारे) होते की आयमॅप (मेल सर्व्हरवरच ठेवणारे)? एवढे कळल्याशिवाय कोणीही सांगेल तो अंदाजच असेल.

वाटसरू
कॉपी-बिपी कशाला करताय! जुन्या संगणकावर आयमॅप खाते जोडा, सगळे मेल ओढून सर्व्हरवर टाका, नव्यावर तेच खाते उघडा. फोनवरही दिसतील. मी तसे केले तेव्हापासून फायलींच्या भानगडीत पडलेलो नाही. कायमचा प्रश्न मिटतो.

जुनाजाणता
पीएसटी फाइल शोधा. आउटलुकचे सगळे त्या एकाच फायलीत असते, मेल, कॅलेंडर, संपर्क. एक लक्षात ठेवा, आउटलुक २००२ पर्यंतच्या पीएसटीला २ जीबीची मर्यादा होती, त्यापुढे फाइल गेली की उघडायची बंद. २००३ पासून रचना बदलली, मर्यादा २० जीबी झाली, २०१० पासून ५० जीबी. फाइल बिघडली असेल तर आउटलुकसोबतच स्कॅनपीएसटी नावाचे दुरुस्तीचे साधन येते, ते चालवा. पीएसटी नेटवर्क ड्राइव्हवर ठेवून उघडू नका. आणि ओएसटी नावाची फाइल सापडली तर तिच्यावर विसंबू नका, ती सर्व्हरवरच्या मेलची स्थानिक प्रत असते, दुसऱ्या संगणकावर नेऊन सरळ उघडत नाही.

घाईगडबड
@खटपट्या आउटलुक म्हणजे आउटलुक. पाकीट आणि भोवती निळे बाण असा आयकॉन आहे. विंडोज एक्सपी. फोल्डर फार मोठा नाही, काही एमबी. पीएसटी नावाची एकही फाइल नाही. बऱ्याचशा डीएलएल आहेत. नव्यावर विंडोज ११.

मोरपंखी
निळे बाण! अहो, ते आउटलुक नाही, आउटलुक एक्सप्रेस आहे. नाव सारखे असले तरी आतून दोघांचा काही संबंध नाही. एक्सप्रेस विंडोजसोबत फुकट यायचे, आउटलुक ऑफिससोबत. थंडरबर्डच्या यादीतले 'आउटलुक' म्हणजे ऑफिसवाले, आणि तेही त्याच संगणकावर बसवलेले असावे लागते, कारण थंडरबर्ड स्वतः पीएसटी वाचत नाही, आउटलुककडूनच मेल मागून घेते. तुमच्या नव्या संगणकावर मागायला कोणी नाहीच.

खटपट्या
मोरपंखी +१. आणि काही एमबी, वर डीएलएल (प्रोग्रामच्याच फायली), म्हणजे प्रोग्राम फाइल्समधला आउटलुक एक्सप्रेसचा फोल्डर उचलला गेलाय. त्यात फक्त प्रोग्राम असतो, मेल एकही नाही. मेल वेगळ्या जागी असतात आणि तो फोल्डर लपवलेला असतो. जुना संगणक अजून सुरू होतो ना? तो काढून टाकायचा बेत तूर्त थांबवा.

जुनाजाणता
मग त्यांनी शीर्षकात आउटलुक का लिहिले? माझा वेळ गेला.

अर्धविराम
या नावाचा घोळ घातला कोणी, वापरणाऱ्यांनी की बनवणाऱ्यांनी? आउटलुक एक्सप्रेस, ऑफिसचे आउटलुक, २०१२ मध्ये हॉटमेलच्या जागी आणलेले आउटलुक डॉट कॉम, आणि आता विंडोज ११ मधले 'नवे आउटलुक'. चौघांचे नाव एक. धागाकर्त्यांना बोलण्यात अर्थ नाही.

घाईगडबड
नावांची चर्चा नंतर करा. सुरू होतो. मेल कुठे आहेत?

खटपट्या
जुन्यावर आउटलुक एक्सप्रेस उघडा. टूल्स, ऑप्शन्स, मेंटेनन्स, स्टोअर फोल्डर. एक लांबलचक पत्ता दिसेल, मध्ये आयडेंटिटीज आणि महिरपी कंसातले आकडे-अक्षरांचे बाड. तो पूर्ण कॉपी करून एक्सप्लोररच्या पट्टीत पेस्ट करा. आत इनबॉक्स, सेंट आयटम्स वगैरे नावांच्या डीबीएक्स फायली असतील, प्रत्येक मेल-फोल्डरची एक. फोल्डर्स नावाची डीबीएक्स ही फक्त अनुक्रमणिका, तिच्यात मेल नसतात. एक्सप्रेस बंद करा आणि मगच अख्खा फोल्डर कॉपी करा, चालू असताना नको.
बंद करताना 'कॉम्पॅक्ट (पुसलेल्या मेलची जागा काढून फाइल आवळणे) करू का' असे विचारले तर नाही म्हणा. शंभरदा बंद केले की एक्सप्रेस एकदा विचारते. कॉम्पॅक्ट मध्येच अडकले तर फाइल जाते. हातात प्रत नसताना तो जुगार नको.
संगणक एकापेक्षा जास्त लोक वापरत असतील तर आयडेंटिटीज वेगवेगळ्या असू शकतात, प्रत्येकीचा फोल्डर वेगळा.

वाटसरू
एवढा खटाटोप! मी परत सांगतो, एक्सप्रेसमध्ये आयमॅप चालते. खाते जोडा, ओढा, सोडा. झाले.

खटपट्या
चालते, पण कोणाशी? एक्सप्रेस सुरक्षित जोडणीसाठी विंडोजचेच घटक वापरते आणि एक्सपीतले ते घटक टीएलएस (जोडणी सुरक्षित ठेवण्याची पद्धत) १.० च्या पुढे जात नाहीत. आजचे बहुतेक मेल सर्व्हर १.२ च्या खाली बोलतच नाहीत. शिवाय जीमेलसारखे खाते असेल तर नुसता पासवर्ड आता चालत नाही, ओऑथ (ब्राउझरमधून परवानगी देणारे लॉगिन) तरी हवे किंवा ॲप पासवर्ड (एका प्रोग्रामपुरता वेगळा पासवर्ड) तरी. एक्सप्रेसला ओऑथ माहीत असण्याचे कारणच नाही. तुम्ही केले तेव्हा झाले असेल, आज होणार नाही.

वाटसरू
मी स्वतः केले आहे. तुम्ही करून पाहिले का?

खटपट्या
कोणत्या साली केलेत तेही सांगा की.

निवांत
इतक्या जुन्या मेलमधले खरोखर लागणारे किती असतात? महत्त्वाचे तेवढे छापून किंवा पीडीएफ करून ठेवा, बाकी जाऊ द्या. मी तसेच केले, काही अडले नाही.

मोरपंखी
@निवांत पीडीएफमध्ये जोडलेल्या फायली सुटतात, मेल कुठून कुठे गेला ते हेडर सुटते, आणि पुढे उत्तर द्यायचे तर पत्ता हाताने टाइप करा. कोणाला कोर्टात किंवा हिशेबात दाखवायची वेळ आली तर मूळ ईएमएल (प्रत्येक मेलची स्वतंत्र फाइल) असलेले बरे.

टर्मिनलवाला
लिनक्सवर रीडपीएसटी चालवा. एका कमांडमध्ये सगळे एमबॉक्स (एका फोल्डरचे सगळे मेल एका साध्या फायलीत). विंडोजवर वेळ का घालवताय कळत नाही.

मोरपंखी
रीडपीएसटी पीएसटीसाठी. इथे डीबीएक्स आहे. वरचे वाचा हो!

घाईगडबड
फोल्डर सापडला. डीबीएक्स आहेत, इनबॉक्सची दीड जीबीच्या वर आहे. पण दुसरा मोठा पेनड्राइव्ह घेतला तर एक्सपी म्हणतो फॉर्मॅट करू का. नव्यावर तोच नीट उघडतो. करू का फॉर्मॅट?

अर्धविराम
आत काही असेल तर अजिबात नको. तो एक्सफॅट या फाइल-पद्धतीत फॉर्मॅट केलेला असणार. एक्सपीला वेगळे अपडेट टाकल्याशिवाय एक्सफॅट कळत नाही, म्हणून रिकामा समजतो. आतले काढून घ्या, नव्या संगणकावर एनटीएफएसमध्ये (ही पद्धत एक्सपीला कळते) फॉर्मॅट करा आणि मग एक्सपीला लावा. किंवा पहिला पेनड्राइव्ह पुरत असेल तर तोच वापरा. फॅट३२ असला तरी एका फायलीला ४ जीबीपर्यंत चालते आणि डीबीएक्स २ जीबीच्या वर जातच नाही.

खटपट्या
आणि इनबॉक्स २ जीबीच्या जवळ आहे हेही लक्षात घ्या. ती हद्द गाठली की फाइल बिघडते. एक्सप्रेसमध्ये आता नवीन मेल आणू नका, काही हलवू नका. फक्त कॉपी.
मग नव्यावर अनडीबीएक्स नावाचे छोटे मुक्तस्रोत साधन घ्या. त्याला डीबीएक्सचा फोल्डर दाखवायचा आणि दुसरा रिकामा फोल्डर द्यायचा. प्रत्येक मेलची एक वेगळी ईएमएल फाइल होते, फोल्डरवार. ईएमएल म्हणजे मेल जसा तारेवरून येतो तसा मजकूर, नोटपॅडमध्येही उघडतो. डीबीएक्स फक्त एक्सप्रेसला समजते, ईएमएल जवळपास कोणालाही.
त्यानंतर थंडरबर्डमध्ये इम्पोर्टएक्सपोर्टटूल्स एनजी हे ॲड-ऑन (जोड-प्रोग्राम) बसवा. 'लोकल फोल्डर्स'खाली (संगणकावरच राहणारे फोल्डर) नवीन फोल्डर करा, त्याच्यावर उजवी क्लिक, ॲड-ऑनच्या मेनूतून फोल्डरमधले सर्व संदेश आयात करा, उपफोल्डरांसकट असा पर्याय आहे तो घ्या. ॲड-ऑन तुमच्या थंडरबर्डच्या आवृत्तीशी जुळणारे हवे, नाहीतर बसत नाही.

जुनाजाणता
पैसे देऊन मिळणारे कन्व्हर्टर सरळ डीबीएक्सचे पीएसटी करतात. मी तेच सुचवेन. फुकटच्या गोष्टीवर एवढ्या वर्षांचे मेल सोडायचे?

मोरपंखी
त्यातल्या बऱ्याच जणांची फुकट चाचणी आवृत्ती थोडेच संदेश काढून देते आणि उरलेल्यासाठी पैसे मागते. काही ठिकाणी तर फाइल त्यांच्या साइटवर चढवायला सांगतात. स्वतःचा सगळा पत्रव्यवहार अनोळखी सर्व्हरवर चढवू नका, एवढेच म्हणेन. आणि पीएसटी करून उपयोग काय? त्यांना थंडरबर्डमध्ये हवे आहेत.

जुनाजाणता
थंडरबर्ड हवे असे त्यांनी कुठे म्हटले आहे? बसवले आहे एवढेच म्हटले. आउटलुक चांगले.

निवांत
विषय संपर्कांचा निघालाच आहे तर, ॲड्रेस बुक विसरू नका. ते वॅब नावाच्या फायलीत वेगळे असते. एक्सप्रेसमधून सीएसव्ही (तक्त्याची साधी मजकूर-फाइल) करून घ्या.

अर्धविराम
संपर्कांचा विषय कोणी काढला? पण सल्ला बरोबर आहे.

टर्मिनलवाला
थंडरबर्डमध्ये एकदा आले की पुढच्या वेळी हे सगळे नको. प्रत्येक फोल्डर ही साधी एमबॉक्स फाइल असते, शेजारी एमएसएफ नावाची सूची. पुढचा संगणक बदलताना प्रोफाइल फोल्डर जसाच्या तसा उचलायचा. एमएसएफ बिघडली तर उडवा, नवीन बनते. पण एमबॉक्स उडवू नका, मेल तिच्यातच. थंडरबर्डचे स्वतःचे एक्सपोर्ट २ जीबीपर्यंतच झिप करते, त्याहून मोठे असेल तर प्रोफाइल फोल्डर हातानेच कॉपी.

घाईगडबड
इनबॉक्स आला. अनडीबीएक्सने सेंट आयटम्समधले मात्र अर्धेच काढले, मध्ये चूक दाखवून थांबले. आणि आलेल्यांत काही मेल नुसते चित्रविचित्र इंग्रजी अक्षरांचे दिसतात. बिघडले का?

खटपट्या
सेंट आयटम्सची डीबीएक्स आधीपासूनच कुठेतरी खराब असणार. अनडीबीएक्समध्ये दुरुस्तीचा पर्याय आहे, तो लावून वेगळ्या रिकाम्या फोल्डरात पुन्हा चालवा. तो फाइल तुकड्यातुकड्याने चाळतो, त्यामुळे पूर्वी पुसलेले काही मेलही वर येतात, काही अर्धवटही. कारण कॉम्पॅक्ट होईपर्यंत पुसलेला मेल डीबीएक्समधून जात नाही. नंतर हाताने निवडा.
तेही जमले नाही तर जुन्यावर सेंट आयटम्स उघडा, मेल निवडा आणि डेस्कटॉपवरच्या फोल्डरात ओढा, ईएमएल होतात. थोडे थोडे घ्या, सगळे एकदम ओढले तर गोठते. खालच्या पट्टीतला संदेशांचा आकडा आणि फोल्डरातल्या फायली जुळवून पाहा.

मोरपंखी
ती अक्षरे बिघडलेली नाहीत. युनिकोडच्या (सर्व लिपींसाठीची आजची एकच पद्धत) आधीच्या फॉन्टमध्ये लिहिलेले मराठी मेल असणार. त्यात अक्षर मराठी नसतेच, इंग्रजीच असते, फक्त फॉन्ट त्याला मराठीचा आकार देतो. जुन्यावर कोणता फॉन्ट होता तो विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमधून घेऊन नव्यावर बसवा. एचटीएमएल मेल आपोआप दिसू लागतील. साध्या मजकुराच्या मेलना थंडरबर्डच्या सेटिंगमध्ये फॉन्ट निवडावा लागेल. संगणक काढून टाकण्याआधी फॉन्ट घ्या, नंतर तोच मिळेल याची खात्री नाही.

वाटसरू
आता तरी लोकल फोल्डरमधून आयमॅपवर ओढा! थंडरबर्डला टीएलएस कळते ना?

खटपट्या
हो, आता चालेल. फक्त जीमेल आयमॅपवरून दिवसाला ५०० एमबीपर्यंतच वर चढवू देते, आणि फुकट जागा १५ जीबी, तीही फोटो-ड्राइव्हसकट. तेव्हा हप्त्याहप्त्याने, आणि लोकल प्रत तशीच ठेवून.

वाटसरू
मग पहिल्यापासून मी हेच म्हणत होतो.

घाईगडबड
दुरुस्तीच्या पर्यायाने सेंटही आले, काही दुप्पट झाले आहेत. फॉन्ट मिळाला. क्रम मात्र उलटसुलट दिसतो.

अर्धविराम
'मिळाल्याचा क्रम' या रकान्यावर लावलेला असेल. तो मेल फायलीत ज्या क्रमाने शिरले तो, त्यांच्या तारखेचा नव्हे. 'तारीख' शीर्षकावर क्लिक करा. दुप्पटसाठी दुप्पट संदेश शोधणारे ॲड-ऑन मिळते, पण ते चालवण्याआधी पेनड्राइव्हवरची डीबीएक्सची प्रत पुसू नका.

जुनाजाणता
कॅलेंडरचे काय केले?

अर्धविराम
आउटलुक एक्सप्रेसमध्ये कॅलेंडर नव्हतेच, महाराज.