ब्रेकअपवरचा विद्यार्थी म्युझिक व्हिडिओ: एकतीस प्रसंगांपैकी काय ठेवावे?

प्रश्न

आम्ही पाच विद्यार्थी अभ्यासक्रमातील प्रकल्पासाठी एक म्युझिक व्हिडिओ करत आहोत. गाणे आमच्यातल्याच एका मित्राने लिहून स्वतः चाल लावलेले आहे. त्याची लांबी ३ मिनिटे ३६ सेकंद असून लय मिनिटाला ८० ठोक्यांची आहे. विषय आहे सतरा वर्षांच्या दोघांचे ब्रेकअप. हाताशी एक फोन, एक ट्रायपॉड, अभिनय करणारे दोघे आणि चित्रीकरणासाठी दोन दिवस आहेत. आतापर्यंत एकतीस प्रसंग लिहून झाले आहेत: पहिली भेट, वाढदिवस, भांडण, पावसात एकट्याने चालणे, फाडलेला फोटो, आरशासमोर रडणे वगैरे. सुटा वाचला की प्रत्येक प्रसंग आवश्यक वाटतो, पण सगळे सलग वाचल्यावर हा व्हिडिओ आपण आधीच कितीदा तरी पाहिला आहे, अशी शंका येते. यातले काय ठेवावे आणि गायक गाताना दिसावा की नुसती गोष्टच दाखवावी, याबद्दल मार्गदर्शन हवे आहे.

पहिला प्रतिसाद

आधी हिशेब करू. मिनिटाला ८० ठोके म्हणजे चार ठोक्यांचे एक आवर्तन बरोबर ३ सेकंदांचे होते आणि तुमच्या गाण्यात अशी ७२ आवर्तने बसतात. प्रत्येक शॉट सरासरी दोन आवर्तने टिकला, तर पूर्ण व्हिडिओला ३६ शॉट लागतील. एकतीस प्रसंगांत ते वाटले, तर एका प्रसंगाच्या वाट्याला जेमतेम एक शॉट येतो, आणि एका शॉटमध्ये भांडण दाखवता येत नाही, फक्त भांडण झाल्याचे कळवता येते. तुम्हाला आलेली शंका बहुधा याच कळवण्याची आहे.

पाऊस, आरसा आणि फाडलेला फोटो कोणत्याही वयाच्या माणसाच्या वाट्याला येऊ शकतात. सतराव्या वर्षीच्या ब्रेकअपचे वेगळेपण असे, की दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच वर्गात, त्याच माणसापासून तीन बाकांवर बसावे लागते, आणि ज्या मित्रमंडळींत दोघे वावरत होते त्यांना आता कोणाशेजारी बसावे हे ठरवावे लागते. मोठ्यांना निदान गाव बदलता येते, या मुलांना तुकडीसुद्धा बदलून मिळत नाही. तुमची गोष्ट मला तरी इथेच दिसते.

म्हणून एकच जागा आणि एकच वस्तू घेऊन पाहा. मुलगा रोज वर्गात लवकर येतो आणि शेजारच्या जागेवर आपली बॅग ठेवून ती जागा अडवतो. मुलगी येते, बॅग उचलून त्याच्या मांडीवर टाकते आणि बसते. पहिल्या कडव्यात हे दोन-तीनदा सहज घडू द्या. दुसऱ्या कडव्यात तो सवयीने बॅग ठेवतो, ती दारातून आत येते आणि सरळ पुढे निघून जाते. बॅग तिथेच राहते, कोणी विचारले तरी तो हलवत नाही. भांडण, त्याचे कारण, चूक कोणाची, यातले काहीही दाखवण्याची गरज उरत नाही. नटाला रडायलाही लावू नका. कुलेशोव्ह या रशियन दिग्दर्शकाचा प्रयोग तुमच्या अभ्यासात आला असेलच: तोच निर्विकार चेहरा वेगवेगळ्या दृश्यांना जोडला, की पाहणारा त्यात वेगवेगळ्या भावना वाचतो. रिकाम्या जागेला जोडलेला साधा चेहरा पुष्कळ काही सांगून जाईल.

दुसरा प्रतिसाद

वरील मताशी सहमत आहे, त्यामुळे मी फक्त चित्रीकरणापुरते लिहितो. गायक दाखवायचा असेल, तर त्याच्याकडून संपूर्ण गाणे निदान तीन वेगवेगळ्या कोनांतून सलग गाऊन घ्या. जागेवर गाणे मोठ्या आवाजात वाजवा आणि त्याला खरोखरच गायला सांगा, कारण नुसते ओठ हलवणाऱ्याच्या गळ्याच्या शिरा हलत नाहीत आणि ते लगेच ओळखू येते. प्रत्येक टेकच्या सुरुवातीला एक टाळी वाजवून घेतलीत, तर संकलनात आवाज जुळवणे सोपे जाईल.

संथ गतीत गाणारा चेहरा हवा असल्यास सेकंदाला ५० फ्रेम्सने (म्हणजे ५० सुट्या चित्रांनी) चित्रित करा आणि त्या वेळी गाणे दुप्पट वेगाने वाजवा. पुढे ते चित्रण २५ फ्रेम्सवर आणले, की ओठ मूळ गाण्याशी जुळतात आणि केस, ओढणी, धूळ एवढेच संथ होते. दुप्पट वेगाचे गाणे ऐकून पहिले दोन टेक सगळ्यांच्या हसण्यात वाया जातात, तेवढा वेळ आराखड्यात धरून ठेवा.

फोनचे एक्स्पोजर (उजेडाचे प्रमाण), फोकस आणि व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल) लॉक करा, नाहीतर खिडकीसमोरून कोणी गेले की चेहऱ्याचा रंग बदलेल. ५० हर्ट्झ विजेवर चालणाऱ्या दिव्यांखाली शटर सेकंदाच्या १/५० किंवा १/१०० भागावर ठेवल्यास दिव्यांची फडफड सहसा टळते. बरेच फोन फ्रेम्सचा वेग स्वतःच कमी-जास्त करतात, त्यामुळे लांब टेकच्या शेवटी ओठ मागे पडलेले दिसतात. संकलनापूर्वी सगळ्या फायली एकाच स्थिर वेगात बदलून घ्या. हे न केल्याने एका प्रकल्पात माझी अख्खी रात्र गेली होती आणि दोष मी बिचाऱ्या गायकाला देत बसलो होतो.

तिसरा प्रतिसाद

गाणे मित्राने लिहिले आहे म्हणता, तर ते त्याच्या स्वतःच्या ब्रेकअपवर आहे का, हे आधी विचारून घ्या. असल्यास दुसरी व्यक्ती बहुधा तुमच्याच परिसरात शिकत असेल, आणि व्हिडिओ दाखवल्यावर ती कोण हे सगळे ओळखतील, मग नाव घेतलेले असो वा नसो. खरे संदेश, खरे फोटो, तिच्या बोलण्यातले ठराविक शब्द काहीही वापरू नका. अभिनय करणारे अठरा वर्षांखालील असतील, तर त्यांच्या पालकांची लेखी परवानगी घ्या. गाण्यात कुठून तरी उतरवून घेतलेला वाद्यमेळ असेल, तर त्याचा परवानाही तपासा. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या (म्हणजे काही अटींवर आपले काम इतरांना मोफत वापरू देणाऱ्या परवान्यांपैकी) ज्या परवान्यात फेरबदलाला मनाई असते, त्याखालचे संगीत व्हिडिओला जोडता येत नाही, कारण चित्राशी संगीत जोडणे हाच त्या परवान्याच्या दृष्टीने फेरबदल ठरतो.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

सर्वांचे आभार. मित्राला विचारले, आणि तिसऱ्या प्रतिसादातील अंदाज खरा निघाला. आमच्या यादीतला फाडलेला फोटो आणि वाढदिवसाचा प्रसंग जसाच्या तसा घडलेला होता, हे आम्हा बाकीच्यांना माहीतही नव्हते. ते दोन्ही काढले आहेत, आणि गायक मुलाऐवजी मुलगी करावी असे त्यानेच सुचवले. आता बॅग तिची आहे आणि तिच्या शेजारून निघून जाणारा तो आहे. प्रसंग सात उरले आहेत. अडचण एकच: शेवटच्या कडव्यात बॅगेचे काय करावे, यावर आमचे एकमत होत नाही. तो परत येऊन बसावा, असे दोघांचे म्हणणे आहे.

पहिल्या प्रतिसादकर्त्याचे उत्तर

तो परत आणू नका. वर्गातली दुसरीच कोणी मुलगी उशिरा येते, इतर बाक भरलेले असतात, ती नुसते बोट दाखवून विचारते. गायिका दोन आवर्तने, म्हणजे पूर्ण ६ सेकंद, काहीच करत नाही, मग बॅग उचलून पायांशी ठेवते. कॅमेरा बाकाच्या उंचीवर ठेवा आणि तिचा चेहरा चौकटीबाहेरच राहू द्या. बॅग मात्र बाकाच्या रंगापासून वेगळी उठून दिसेल अशी निवडा, आणि दोन्ही दिवस तीच आणा.