बंद पडलेल्या मनोरुग्णालयात छायाचित्रणासाठी जावे का?

रानवाट (प्रश्न)
नमस्कार मंडळी. मी मूळचा सातारचा असून दोन वर्षांपासून न्यूयॉर्क राज्यात पदव्युत्तर शिक्षण घेत आहे. गडकिल्ले हिंडण्याची सवय लहानपणापासूनची असल्यामुळे, ओस पडलेल्या इमारतींची छायाचित्रे काढणाऱ्या येथील मित्रांशी माझे लगेच जुळले. आमच्या शहरापासून दोन तासांवर एक जुने सरकारी मनोरुग्णालय आहे. त्याचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. ते पंचवीसहून अधिक वर्षे बंद आहे, कुंपण ठिकठिकाणी मोडले आहे आणि माझे मित्र दोनदा आत जाऊन आले आहेत. त्यांच्या छायाचित्रांत रंगाचे पोपडे सुटलेल्या लांबच लांब मार्गिका आहेत, गंजलेल्या खाटा आहेत आणि एका खोलीत जमिनीवर विखुरलेले रुग्णांचे कागद आहेत. त्यांतील एका कागदावर एका बाईचे नाव स्पष्ट वाचता येते. ते वाचल्यापासून मी थोडा अस्वस्थ आहे.

पुढच्या महिन्यात मीही यावे असा मित्रांचा आग्रह आहे. अशा इमारतीत शिरणे कितपत धोक्याचे असते, पकडले गेल्यास माझ्यासारख्या विद्यार्थ्याचे काय होते, आणि अशा जागेची छायाचित्रे काढावीत की नाही, याविषयी जाणकारांनी मोकळेपणाने लिहावे.

जुनी_तुळई
मी पुण्यात असताना पेठांतील जुन्या वाड्यांची पाहणी करत असे आणि आता काही वर्षे पेनसिल्व्हेनियात शंभरी ओलांडलेल्या दगडी व विटांच्या इमारती तपासतो. त्यामुळे धोक्याविषयी मी सांगू शकेन.

खोलीच्या मधून न चालता भिंतीच्या कडेने चालावे, कारण तेथे तुळयांना आधार असतो, असे तुमच्या मित्रांनी सांगितले असेल. जाड भिंतींच्या जुन्या इमारतीत हाच सल्ला घातक ठरू शकतो. तेथे तुळईचे टोक भिंतीतील खोबणीत बसवलेले असते. छपराच्या पन्हळी पानांनी तुंबल्या की पाणी भिंतीत मुरते, हिवाळ्यात गोठून सांधे उकलते, आणि कायम ओलसर राहिलेल्या त्या खोबणीत तुळईचे टोक सर्वांत आधी कुजते. वरच्या फळ्या मात्र कोरड्या आणि टणक दिसतात. शनिवार पेठेतील एका वाड्यात मी अशी तुळई बोटाने उकरून पाहिली आहे. मधला भाग लोखंडासारखा आणि टोकाशी नुसता भुसा होता. ती पाहणी आम्ही खालून टेकू लावल्यानंतर केली होती. रात्री विजेरी घेऊन शिरणाऱ्याला कसला टेकू?

दुसरा धोका हवेतला आहे. त्या काळातील वाफेच्या नळांवरील पांढरे वेष्टन आणि जमिनीवरच्या चौकोनी फरश्या यांत बहुधा ॲस्बेस्टॉस हे तंतुमय खनिज असते, तर सुटलेल्या पोपड्यांत शिसे असते. पारवे आणि वटवाघळे यांच्या विष्ठेची धूळ श्वासात गेल्यास हिस्टोप्लाझ्मोसिस नावाचा फुप्फुसाचा बुरशीजन्य आजार होऊ शकतो. बाजारात मिळणारा साधा एन-95 मास्क ॲस्बेस्टॉससाठी पुरेसा मानला जात नाही. शिवाय कपड्यांवर बसलेले तंतू तुम्ही गाडीत आणि घरी घेऊन येता, आणि त्यांतून होणारे आजार कित्येक दशकांनी दिसतात, त्यामुळे ‘मागच्या वेळी काही झाले नाही’ या वाक्याला अर्थ उरत नाही. इमारती जोडणाऱ्या भुयारांत तर कोणत्याही परिस्थितीत उतरू नये.

मला या वास्तूंचे मनापासून प्रेम आहे, म्हणून एक वाट सुचवतो. फिलाडेल्फियाचे डॉक्टर थॉमस किर्कब्राइड यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मनोरुग्णालयांचा एक आराखडा रूढ केला. मधोमध कचेरी आणि दोन्ही बाजूंना पायऱ्यापायऱ्यांनी मागे सरकत जाणारे कक्ष, त्यामुळे प्रत्येक कक्षाला उजेड, वारा आणि खिडकीतून झाडी मिळावी, आणि एका इमारतीत अडीचशेच्या आसपासच रुग्ण असावेत, अशी त्यांची धारणा होती. चांगली वास्तू हाच निम्मा उपचार आहे, असा विश्वास दगडात बांधून काढलेला पाहायचा असेल तर वेस्ट व्हर्जिनियातील वेस्टन येथे जा. तेथे 1864 मध्ये पहिले रुग्ण आले. 250 जणांसाठी बांधलेल्या त्या इमारतीत 1950 च्या दशकात सुमारे 2,400 माणसे कोंबलेली होती. 1994 मध्ये ते बंद झाले आणि 2007 मध्ये लिलावात विकले गेले. आता तिकीट काढून, वाटाड्याबरोबर, राजरोस आत जाता येते. भुतांच्या नावाने चालणारे रात्रीचे फेरे टाळा आणि दिवसाची इतिहासाची फेरी घ्या.

चित्रवेळ
कायद्याविषयी मी स्वतःचा अनुभव सांगतो. मी वकील नाही. विद्यार्थिदशेत मी आणि एक मित्र अशाच एका बंद इमारतीत शिरलो आणि बाहेर पडताना पकडले गेलो. आम्ही काहीही मोडले नव्हते आणि काहीही उचलले नव्हते, तरीही न्यायालयाच्या तारखा, वकिलाचे शुल्क आणि विद्यापीठाला द्यावे लागलेले स्पष्टीकरण यांत एक सत्र गेले.

न्यूयॉर्कमध्ये कुंपण घातलेल्या किंवा बंद केलेल्या इमारतीत विनापरवाना शिरणे हा किरकोळ वर्गातला असला तरी फौजदारी गुन्हा ठरू शकतो. कुंपण मोडके आहे म्हणजे परवानगी आहे, असा बचाव करण्याच्या भरवशावर राहू नका. आत जाऊन एखादी वस्तू किंवा कागद उचलण्याचा हेतू होता असे दिसले तर प्रकरण घरफोडीच्या कलमापर्यंत जाते, आणि ते कलम गंभीर गुन्ह्याचे आहे. अमेरिकेच्या व्हिसाच्या अर्जात ‘आपणास कधी अटक झाली होती का’ असा प्रश्न असतो. खटला पुढे मिटला तरी त्या प्रश्नाचे उत्तर बदलत नाही. मुंबईच्या वकिलातीत खिडकीसमोर उभे राहून तो प्रसंग मला प्रत्येक वेळी नव्याने सांगावा लागला. तुमच्या नागरिक असलेल्या मित्रांना जे परवडेल ते तुम्हाला परवडणार नाही, हे त्यांना स्पष्ट सांगा.

शेवंती
मी या राज्यात बरीच वर्षे मनोरुग्णांची शुश्रूषा केली आहे. बाबा रे, तुझ्या प्रश्नातले एक वाक्य मला सर्वांत महत्त्वाचे वाटले: त्या बाईचे नाव वाचून तू अस्वस्थ झालास.

ही रुग्णालये ओस का पडली, हे आधी समजून घे. 1955 मध्ये अमेरिकेच्या सरकारी मनोरुग्णालयांत साडेपाच लाखांहून अधिक माणसे राहत होती. 1954 मध्ये क्लोरप्रोमाझिन हे मनोविकारावरचे औषध वापरात आले, 1963 मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी रुग्णांवर त्यांच्या वस्तीतच उपचार व्हावेत यासाठीच्या कायद्यावर सही केली, आणि 1965 नंतर मेडिकेड या गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्य योजनेने मोठ्या मनोरुग्णालयांतील प्रौढांचा खर्च उचलण्यास नकार दिल्यामुळे राज्यांना ही घरे रिकामी करणेच सोयीचे झाले. इमारती रिकाम्या झाल्या, पण वस्त्यांमध्ये जी केंद्रे उभी राहायची होती त्यांतील पुष्कळशी कधी उभीच राहिली नाहीत. माझे काही रुग्ण कारागृहातून येत आणि कारागृहातच परत जात.

न्यूयॉर्क राज्यातच सेनेका सरोवराच्या काठी विलर्ड नावाचे मनोरुग्णालय होते. ते 1869 मध्ये सुरू झाले. 1995 मध्ये ते बंद होत असताना एका इमारतीच्या माळ्यावर रुग्णांच्या चारशेहून अधिक सुटकेसी सापडल्या. माणूस दाखल होताना त्याची पेटी वर ठेवली जाई आणि तो घरी जाईल तेव्हा ती परत मिळणार असे. कितीतरी जण घरी गेलेच नाहीत. त्या पेट्या आज राज्याच्या संग्रहालयात आहेत. ज्या कर्मचाऱ्यांनी त्या कचऱ्यात जाऊ दिल्या नाहीत, त्यांचे उपकार मला फार मोठे वाटतात.

तेथील दफनभूमीत पाच हजारांहून अधिक रुग्ण पुरलेले आहेत आणि त्यांच्या जागांवर नावे नव्हती, फक्त क्रमांक होते. लॉरेन्स मोका नावाचा रुग्ण, जो बाहेर असताना खिडक्या पुसण्याचे काम करत असे, त्याने आयुष्यातील कित्येक वर्षे तेथे थडगी खणण्यात घालवली, पंधराशेहून अधिक. 1968 मध्ये तो गेला आणि त्याच दफनभूमीत पुरला गेला. त्याच्या नावाचा दगड 2015 मध्ये बसवला गेला, आणि तोही लोकांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केल्यावर.

आता प्रश्न येईल की नाव पुसले जाणे हा अन्याय असेल, तर कागदावरील नाव जगाला दाखवण्यात गैर काय? मोकाचे नाव त्याच्यासाठी झटणाऱ्या माणसांनी, त्याची सगळी हकिकत शोधून, दगडावर कोरून घेतले. तुझ्या मित्राच्या छायाचित्रात एका बाईच्या आजाराचा कागद भीतिदायक दिसतो म्हणून मांडला आहे. तिची मुले किंवा नातवंडे आजही हयात असतील. वैद्यकीय माहितीची गोपनीयता येथील केंद्रीय कायद्यानुसार मृत्यूनंतरही पन्नास वर्षे राखायची असते. तो कायदा रुग्णालयांना लागू आहे, तुमच्या मित्रांना थेट नाही, पण पन्नास वर्षांचा आकडा कोणी उगाच ठरवलेला नाही. आपल्याकडे आजही ‘याला ठाण्याला पाठवा’, ‘हिला येरवड्याला न्या’ असे सहज बोलले जाते. ठाण्याचे आणि येरवड्याचे मनोरुग्णालय चालू आहे आणि तेथे आपलीच माणसे आहेत. ते बोलणे कानावर पडत असताना ज्या घरात आजार आहे, ते घर गप्प बसते. ते गप्प बसणे मी माझ्या माहेरी पाहिले आहे.

रानवाट
सर्वांचे मनःपूर्वक आभार. भिंतीच्या कडेने चालण्याचा सल्ला मला खरोखरच मिळाला होता. मी मित्रांना नकार कळवला आहे आणि दोघांनी माझ्याबरोबर वेस्टनला येण्याची तयारी दाखवली आहे. शेवंतीताई, त्या छायाचित्राचे आणि त्या विखुरलेल्या कागदांचे आता काय करावे?

शेवंती
छायाचित्र ज्या पानावर टाकले असेल तेथून काढायला सांग; निदान नाव आणि मजकूर झाकायला तरी सांग. कागदांसाठी पुन्हा आत जाऊ नका आणि ते उचलून आणूही नका. राज्याच्या मानसिक आरोग्य विभागाला आणि राज्याच्या अभिलेखागाराला पत्र लिहा: कोणत्या इमारतीत, कोणत्या मजल्यावर, साधारण किती कागद उघड्यावर पडले आहेत. तुझ्या मित्रांना स्वतःचे नाव देण्याची भीती वाटत असेल तर वकिलामार्फत कळवता येईल. पत्राचा मसुदा लिहिलास की मला खासगी संदेशात पाठव, मी वाचून देईन. रुग्णालयाला स्वतःची दफनभूमी होती का, हेही त्याच पत्रात विचार. असली, तर वेस्टनहून परत आल्यावर एखाद्या रविवारी तेथे जाता येते का ते पाहू, मीही येईन.