मरेच्या यशात लेंडलचा वाटा किती?

नेटकॉर्ड:
ब्रिटिश टेनिसपटू अँडी मरेच्या तिन्ही ग्रँड स्लॅमचं (टेनिसच्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांपैकी) मोठं श्रेय मी त्याचा कोच आणि माजी खेळाडू इव्हान लेंडलला देतो. मरे एकूण ११ स्लॅम फायनल खेळला. लेंडल कोच असताना पाच, त्यातल्या तीन जिंकल्या. तो नसताना सहा, सगळ्या हरला. लेंडल स्वतःही पहिल्या चार स्लॅम फायनल हरला होता. १९८४ ला पॅरिसमध्ये, फ्रेंच ओपनच्या फायनलला, मॅकेन्रोकडून पहिले दोन सेट गमावूनही शेवटी जिंकला. मरेचंही तेच झालं, चार हरून पाचवी जिंकला. त्या अवस्थेतल्या खेळाडूला धीर द्यायला यापेक्षा योग्य माणूस कोण?

क्लेकोर्ट:
आकडे बरोबर, निष्कर्ष पटत नाही. लेंडल यायच्या आदल्या वर्षी, २०११ मध्ये, मरे चारही स्लॅमच्या किमान सेमीफायनलला पोचला होता. म्हणजे तो घडलेलाच होता. नंतर लेंडल गेला, अमेली मॉरेस्मो कोच म्हणून आली आणि २०१५ ला मरेने म्युनिकला क्लेवरचं (मातीच्या कोर्टवरचं) पहिलं विजेतेपद मिळवलं. लगेच माद्रिदच्या फायनलला क्लेचा बादशहा असलेल्या नदालला क्लेवर दोन सेटमध्ये हरवलं! हे कुणी मोजतच नाही, याचा मला खरंच राग येतो. २०१५-१६ मधल्या तीन स्लॅम फायनल तो हरला त्या सगळ्या जोकोविचकडून, आणि तेव्हाच्या जोकोविचला हरवणारे होते किती? २०१६ ला लेंडल परत आल्यावर विम्बल्डन फायनलला समोर राओनिच होता. अकरा फायनलमध्ये फेडरर किंवा जोकोविच समोर नसलेली ती एकमेव.

बेसलाइन:
जर्मनीच्या झ्वेरेव्हलाही लेंडल कोच म्हणून लाभलाच होता. २०१८ ची एटीपी फायनल्स (वर्षअखेरची अव्वल आठ खेळाडूंची स्पर्धा) जिंकला, पण लेंडल असताना स्लॅम नाही.

नेटकॉर्ड:
मॉरेस्मोचं क्लेवरचं काम मान्यच. पण २०१२ ची यूएस ओपन फायनल आठवा. समोर जोकोविच, दोन सेटची आघाडी गेलेली. आधीचा मरे अशा वेळी स्वतःच्या बॉक्सकडे (कोच आणि टीम बसते तिकडे) बघून ओरडत बसायचा, फोरहँड नुसता परतवायचा. त्या दिवशी पाचव्या सेटमध्ये त्याने फोरहँड मोकळेपणाने मारला आणि सेट ६-२ घेतला. बॉक्समध्ये लेंडल चेहऱ्यावरची रेषही न हलवता बसलेला. हा बदल कोचिंगचाच.

क्लेकोर्ट:
सामना चार तास ५४ मिनिटं चालला. पाचव्या सेटमध्ये जोकोविचचे पाय थकले होते, मरेचे नाहीत. ती ताकद त्याने लेंडलच्या कितीतरी आधीपासून, वर्षानुवर्षं कमावली होती.