घरासाठी पूल टेबल : जुनं नीट केलेलं घ्यावं की नवीन?

निवांत_पुणेकर
मंडळी, गच्चीला लागून 13 बाय 17 फुटांची खोली रिकामी आहे. बायको म्हणते पावसाळ्यात कपडे वाळवायला दोऱ्या बांधू, मी म्हणतो पूल टेबल (काठीने बॉल ढकलून भोकात घालायचा तो खेळ) 😀 एक मिळतंय बंद पडलेल्या पूल पार्लरमधलं, 8 फुटी, स्लेटचं, पॉलिश करून नवं कापड चढवलंय, 1 लाख 10 हजार सांगतोय. दुसरं कोरं करकरीत, तेवढंच मोठं, 95 हजार, पण खाली दगडाऐवजी एमडीएफ, म्हणजे लाकडाच्या भुशाचा दाबलेला बोर्ड. जुनं दिसायला लई भारी, पण नंतर गळ्यात धोंड नको. काय करू?

क्यूवाले_काका
पॉलिश आणि कापडाला भुलू नकोस रे, ती रंगरंगोटी. दगड आणि रबर बघ. स्लेट म्हणजे आपल्या शाळेतल्या पाटीचाच दगड, नीट ठेवला तर पिढ्यानपिढ्या टिकतो. एमडीएफला ओल लागली की फुगतं, पुतण्याकडे दुसऱ्याच पावसाळ्यात सगळे बॉल आपोआप एकाच कोपऱ्यात जायला लागले, घरात त्याला जावई पॉकेट म्हणतात, जे काय असेल ते तिकडेच जातं.
पण जुन्यात कुशनचं, म्हणजे कडेच्या पट्ट्यांचं, रबर वाळून कडक झालेलं असतं आणि वरून नवं कापड असलं की कळत नाही. एका टोकाकडून बॉल जोरात मार, चारदा तरी इकडून तिकडे गेला पाहिजे. सगळ्या बाजूंना आपटून आवाज ऐक, टक् आला तर ठीक, भद्द आला तर रबर मेलंय नाहीतर बोल्ट ढिले.

इंचपट्टी
टेबल राहू दे, आधी खोली मोजा. 8 फुटीची खेळायची जागा 88 बाय 44 इंच, क्यू म्हणजे खेळायची काठी 58 इंचाची, ती दोन्ही बाजूंना लागते. 44 अधिक 116 म्हणजे 160 इंच, 13 फूट 4 इंच झाले! वर हात मागे घ्यायला जागा वेगळीच. प्रत्येक शॉटला भिंतीचा पोपडा काढणार का? 7 फुटी सुद्धा (78 बाय 39) जेमतेमच बसेल, एकदोन ठिकाणी छोटा क्यू वापरावा लागेल.

एडिसनकर
न्यू जर्सीत घर विकताना लोक बेसमेंटमधलं जुनं ब्रन्सविक कंपनीचं टेबल फुकटात घेऊन जा म्हणतात, मी पण असंच आणलं, खरा खर्च आणण्याबसवण्याचा निघाला. स्लेटचे तीन तुकडे, एकेक उचलायला दोन माणसं, मग लेव्हल लावून खाली पातळ पट्ट्या सरकवत बसायचं, सांध्यात मेण भरून खरवडायचं, मग कापड. फिटरने अख्खी दुपार घातली. तर तुमच्या घरी येऊन कोण बसवून देणार ते आधी विचारा. आणि स्लेट अखंड एकच असेल तर जिन्यावरून न्यायचं विसरा.

निवांत_पुणेकर
काल परत जाऊन आलो. मोबाईलचा टॉर्च लावून खाली शिरलो, तीन तुकडे आहेत, दगड चांगला. पण दोन बाजूंना सरळ भद्द! विचारलं तर म्हणतो रबर ओरिजिनल आहे साहेब, तेही अभिमानाने. आणि इंचपट्टी भाऊंचा हिशोब घरी मोजला, तंतोतंत खरा. आता जुन्या स्लेटचं 7 फुटी शोधतोय, कुठे दिसलं तर कळवा. खोलीत दोऱ्या लागल्यात, मी तिकडे टेबलाखाली होतो तेवढ्यात हिने खिळे ठोकून घेतले.